भूत केबलमधून येतं

केबलच्या ऑफिसात दोन गोष्टी साठत जातात : तुटक्या वायरी आणि लोकांचे फोन. वायरी भंगारवाला घेऊन गेला. फोन माझ्या डोक्यातच राहिले. आता घरोघर डिश लागली, आमच्या मालकांनी, जयेशभाईंनी, शटर ओढलं, तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. पण चहाला चार मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "ए, त्या भुताच्या सीरियलचं सांग ना!"

एका जुन्या इंग्रजी कादंबरीवरून कुणीतरी हिंदीत सीरियल केली होती. डोंगरातली हवेली, घुम्या मालक, त्याची नवी बायको. आणि वरच्या बंद खोलीचं दार आतून ठोठावणारी मेलेली पहिली बायको! दर मंगळवारी संध्याकाळी बडोद्याचा अख्खा दांडिया बाजार तिच्यापुढे बसायचा.

मी तेव्हा इंजिनिअरिंगला दुसऱ्या वर्षी रामराम ठोकून जयेशभाईंकडे तक्रारींचे फोन घ्यायचो. माझ्या बाबांनी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. त्यांनी चार नातेवाइकांसमोर जाहीर केलं होतं, "हा मला मेला!" म्हणजे आमच्या घरात भूत सीरियलच्या आधीपासूनच होतं. मी जेवायला बसलो की ते ताट घेऊन उठायचे. बोलायचं ते आईमार्फत. "त्याला सांग, पंखा बंद कर म्हणावं." आणि 'तो' हातभर अंतरावर बसलेला!

ते पुन्हा माझ्याशी बोलतात की नाही, याची मला काही पडलेली नव्हती. असं मी जयेशभाईंना रोज सांगायचो.

*

पहिल्याच मंगळवारी गल्लीतल्या सुमनकाकूंचा फोन. "अरे, चित्र सगळं धुरकट येतंय. माणूस पाठव!"

माणूस म्हणजे मीच. गच्चीवर चढलो, वायर सोलून पुन्हा जोडली, घामाघूम होऊन खाली आलो. टीव्हीत बघतो तर काय, हवेलीभोवती धुकं!

"काकू, धुकं आहे ते. सीरियलमधलं."

काकूंनी पुन्हा एकदा नीट पाहिलं. "असेल. पण जरा कमी करून दे की!"

*

निजामपुऱ्याच्या हंसाबेन थेट ऑफिसात आल्या. पिशवीत लिंबू-मिरची.

"घरच्या टीव्हीला बांधलं, तरी भूत येतंच."

"मग आम्ही काय करू, बेन?"

"अरे भाई, भूत येतं कुठून? तुमच्या केबलमधून. तर मग तुमच्या छत्रीलाच बांधा ने!"

मी हसलो. जयेशभाई हसले नाहीत. गच्चीवरच्या सिग्नल पकडणाऱ्या मोठ्या छत्रीला त्यांनी स्वतः लिंबू बांधलं, आणि पुढे दर शनिवारी बदललं. वर चित्र कसं स्वच्छ येतंय ते मलाच ऐकवायचे, "जो, पिक्चर केवुं चोख्खुं आवे छे!"

*

बडोद्यातल्या आमच्या मराठी म्हाताऱ्यांचं एक आहे. संस्थानाच्या काळात सगळंच उत्तम होतं. पाणी उत्तम, तूप उत्तम, भुतंसुद्धा उत्तम. आमच्या गल्लीतल्या अप्पांचे वडील राजवाड्याच्या खानगी खात्यात होते. त्या एका भांडवलावर अप्पांनी आयुष्य काढलं. एके दिवशी काठी आपटत ते ऑफिसात आले.

"त्या सीरियलवाल्यांना कळव. हुजऱ्या असा मालकाच्या पुढे चालत नसतो!"

"अप्पा, तो हुजऱ्या मेलेला आहे. मागच्याच भागात गेला."

अप्पा कडाडले, "मेला म्हणून काय रीत सोडायची?"

*

सुभानपुऱ्याच्या एका सासूबाईंना नवी नवरी बिलकूल पसंत नव्हती. त्यांचा सगळा जीव मेलेलीवर. फोन करून मला म्हणाल्या, "पहिलीचं काम वाढवायला सांगा. कसं घर धरून आहे बघा!"

मागून सुनेचा आवाज, "आई, ती भूत आहे!"

"असू दे! दर मंगळवारी वेळेवर येते तरी. तू बँकेतून आठ वाजता उगवतेस!"

*

आणि मग एका बुधवारी दुपारी फोन आला. आवाज बाबांचा! मी हातातला चहा खाली ठेवला.

"केबल ऑफिस का? मी एक ग्राहक बोलतोय, दांडिया बाजारातून."

आवाज मी ओळखला, तसा माझाही त्यांनी ओळखला असणारच. पण म्हाताऱ्याचा ताठा मोठा! म्हटलं, चला, आपणही ताठ.

"बोला, साहेब."

"मूळ कादंबरीत ती नवरी मेणबत्ती घेऊन जिना चढते. यांनी तिच्या हातात टॉर्च दिली! भुताकडे कुणी टॉर्च घेऊन जातं का हो?"

"नाही, साहेब."

"मेणबत्ती विझू शकते. भीती त्यात असते. कळलं का तुम्हाला?"

तेव्हापासून दर बुधवारी फोन. जयेशभाई रिसीव्हरवर हात ठेवून माझं गिऱ्हाईक आल्याचं कुजबुजायचे, "ले, तारो घराक!" तक्रारी करता करता बाबांनी मला अख्खी कादंबरी शिकवली. आयुष्यात मी त्यांच्या वर्गात बसलो नव्हतो, बसलो तो असा. मी प्रश्न विचारायचो, ते खुलायचे. मग मी घरी जायचो. पानावर बसायचो. ते ताट उचलून आतल्या खोलीत!

*

शेवटच्या भागाला गल्लीतले दिवे गेले. तेही नेमकी नवरी त्या बंद दाराशी पोचल्यावर! ऑफिसात जनरेटर होता, म्हणून आमचा टीव्ही चालू. फोनचा नुसता भडिमार. सुमनकाकू, अप्पा, सगळे एकच विचारत होते. पाचवा की सहावा फोन बाबांचा.

"दार उघडलं का तिनं?"

"उघडलं, साहेब."

"मूर्ख आहेत! मुळात उघडत नाही. शेवटपर्यंत पहिली बायको ठोठावत राहते आणि घरातले ऐकून न ऐकल्यासारखं करतात. तीच तर कादंबरी आहे!"

"माहीत आहे. तुम्हीच सांगितलंत."

 मागे आई अंधारात भांडी चाचपत होती, ते ऐकू येत होतं.

"मग? आली का घरात ती?"

मी टीव्हीकडे पाहिलं. "नाही, साहेब. उंबऱ्यातच उभी आहे. कुणी 'ये' म्हणत नाहीये."

पलीकडे ताटं वाजली. 

"तुझी आई ताटं घेतेय," बाबा म्हणाले. "येताना मेणबत्त्या आण. टॉर्च नको."