जोखमीचं वधूवर मंडळ

अंबरनाथ पूर्वेला माझ्या मोठ्या बहिणीचं वधूवर मंडळ आहे. मंडळ म्हणजे तिच्या घराची पुढची खोली, दोन खुर्च्या आणि ती. भावजी गेल्यापासून घर त्यावरच चालतं. ताई फी घेते, स्थळं दाखवते आणि सहा महिन्यांत काहीच जुळलं नाही, तर फी परत करते. लोक तिच्याकडे येतात ते एवढ्यासाठीच.

मध्यंतरी बँकेने तिला दटावलं, धंद्याचे पैसे घरच्या खात्यात घेऊ नका म्हणून. मग ऑनलाइन फी घेऊन देणारी एखादी कंपनी शोधणं आलं. मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका जीन्सवाल्याचे हिशेब बघतो, म्हणून हे काम माझ्याकडे. वासरांत लंगडी गाय शहाणी.

मी कंपन्या पारखायला बसलो. कोण किती कापून घेतं, पैसे कधी सोडतं, अडचण आली तर फोन उचलतं का. पण निवडणारे आपण, हा माझा गैरसमज होता. निवडणार त्या होत्या. त्यांच्या लेखी लग्न जुळवणारे 'हाय रिस्क', थेट ज्योतिषी आणि जुगारवाल्यांच्या पंगतीत. ताईला सांगितलं तर ती हसली. "बरोबर आहे त्यांचं. लग्नाएवढी रिस्क दुसरी कशात आहे?"

दोन कंपन्यांनी दारातूनच परत पाठवलं. तिसरीने घेतलं, पण वर्ष सरता सरता खातं बंद केलं आणि आत होते ते पैसेही अडकवून ठेवले. मी फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती.

"सर, तुमचे रिफंड खूप आहेत."

"अहो, ते आम्ही आपणहून देतो. कुणाची तक्रार नाहीये."

"सर, सिस्टीमला तसं कळत नाही ना."

डोक्यात तिडीक गेली. पण तिच्यावर ओरडून काय होणार होतं? मी थँक यू म्हणून फोन ठेवला.

चौथ्या कंपनीच्या अर्जात पहिलाच प्रश्न होता, फी परत करता का?

"इथे 'नाही' असं लिहावं लागेल," मी ताईला म्हटलं.

"आणि खरं लिहिलं तर?"

"तर हीपण हाकलेल. मग उरलं कोण?"

गुपचूप रोख परत द्यावी, तर तेही जमणार नव्हतं. जुने पैसे अडकलेले, आणि नव्या फीमधला काही भाग ही कंपनी काही महिने स्वतःकडे ठेवणार होती. ताईने तो प्रश्न पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, "लिही." मला फार असहाय वाटलं. तिच्यासाठी मला एवढंच करता येत होतं, आणि नेमकं तेच करायला नको होतं.

खातं लगेच सुरू झालं. काही महिन्यांनी कंपनीचा मेलही आला, की मंडळ आता विश्वासू ग्राहकांत धरलं आहे. मी तो ताईला वाचून दाखवत होतो, तेवढ्यात वांगणीकडचे एक म्हातारे बाबा आले. मुलीसाठी त्यांनी फी भरली होती.

"बाय, पोरीचा काय जमला नाय. पैसं देशील ना माघारी?"

ताईने नवा नियम सांगितला. खाली बघूनच सांगितला. बाबांनी वाद घातला नाही. "तसा असंल," म्हणाले, पाणी प्यायले आणि गेले.

ताई त्यांचं भांडं उचलून आत निघाली. दारात थांबून मला म्हणाली, "आता झाले ना रे मी विश्वासू?"