साईनाथने फेकलेला दोर

सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावात भातकापणी उरकली की मोकळ्या खाचरांत टेनिस बॉलच्या मॅचेस रंगायच्या. साईनाथचा चेंडू इतका जोरात यायचा की समोर उभं राहायला कुणी धजत नसे. मग थोरली बहीण नम्रता बॅट घेऊन उभी राहायची. नडगीवर वळ उठायचे, पण ती कधी मागे सरली नाही.

बारावीनंतर साईनाथ नौदलात खलाशी म्हणून भरती झाला. वडील महिपत यांनी तोवर समुद्र पाहिला नव्हता. ते एवढंच म्हणाले, "पाणी आपल्याला नवं नाय. ह्ये नुसतं खारं."

तिसऱ्या वर्षी तो नौदलाच्या क्रिकेट संघात आला. खेळाडू म्हणून किनाऱ्यावरच राहायची सोय होत होती, ती त्याने नाकारली. फोनवर तो बहिणीला म्हणाला, "ताई, आमी जहाजावर जायला भरती झालो ना?" सामन्यांपुरता किनाऱ्यावर येत, जहाजावर राहूनच त्याने परीक्षा दिल्या आणि नवव्या वर्षी अधिकारी झाला. समारंभात महिपतना भाषणं कळली नाहीत, पण पोराला होणारे सलाम त्यांनी डोळे भरून पाहिले.

पुढे एका वादळात मच्छीमारांची बोट बुडू लागली. साईनाथचं जहाज मदतीला धावलं, पण लाटांमुळे जवळ जाता येईना. दोन खलाशांनी टाकलेले दोर वाऱ्याने पाण्यात पाडले. तिसरा साईनाथने घेतला आणि सीमारेषेवरून चेंडू थेट यष्टीवर मारावा तसा फेकला. बोटीवरच्यांनी तो झेलला. नऊ माणसं वाचली. शेवटच्याला वर ओढताना साईनाथचा उजवा खांदा निखळला.

हात बरा होईल, पण जलद गोलंदाजी आता विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. रजेवर घरी आल्यावर दोन दिवस तो ओटीवर पडून राहिला. आई सकुबाई नुसती ताटात वाढत राहिली. तिसऱ्या दिवशी तो माहेरी आलेल्या नम्रताला म्हणाला, "ताई, बॅट घे."

"आनि खांदा?"

"जोरात नाय टाकत. वळवून बघतो."

दोन लेकरांची आई झालेली नम्रता पुन्हा खाचरात उभी राहिली. पहिला आठवडा तिने त्याला मनसोक्त झोडपलं. दया दाखवली असती तर त्याला ते कळलं असतं, हे तिला ठाऊक होतं. मग एका सकाळी चेंडूचा टप्पा काठीच्या बाहेर पडला, तो आत वळला आणि तिच्या मागची काठी घेऊन गेला. नम्रताने काठी उचलून पुन्हा रोवली. "हां," ती म्हणाली, "आता जा कामावर."

त्याच वर्षी नौदलाच्या संघाने तिन्ही सेनादलांच्या स्पर्धेचा अंतिम सामना जिंकला. साईनाथने फिरकीवर पाच बळी घेतले.

आता मुरबाडच्या बाजारात कुणी भावाची चौकशी केली, की नम्रता आधी त्या नऊ माणसांचं सांगते. क्रिकेटचं विचारलंच तर म्हणते, "बरा खेळतो."