माझ्या खांद्यावरचा हात

संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. आता नव्या राज्याची राजधानी भोपाळला ठरल्यामुळे आमच्या लष्कर शहरातल्या कितीतरी कचेऱ्या तिकडे निघाल्या होत्या. मी कोर्टात कारकून होतो. दिवसभर फायलींचे गठ्ठे बांधून हात दुखायचे आणि आपलं काय होणार हे कुणालाच सांगता यायचं नाही.

त्याच सुमारास शहरातल्या कंपू नावाच्या वस्तीत एका विधवा बाईंच्या घरात चोर शिरला आणि त्यांच्या गळ्यातली माळ ओढून पळाला. पोलिसांनी एकाला धरलं. ओळखपरेडीत त्याच्याबरोबर उभी करायला त्याच्यासारखी दिसणारी माणसं हवी होती. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही चला."

तुरुंगाच्या आवारात मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. माझ्यासारखंच अरुंद कपाळ, तसंच नाक, तशाच जुळलेल्या भुवया. तो हळूच म्हणाला, "बाबूजी, आप तो हमारे घर के लगते हो."

बाई रांगेसमोरून एकदा गेल्या, परत फिरल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हाच."

दुसरा पुरावा नव्हता. पकडलेला माणूस सुटला.

परतताना मी साहेबांना विचारलं, "चोर तोच होता का?"

"कोण जाणे," ते म्हणाले. "असं कपाळ पुष्कळांचं असतं, असं नाकही. सगळं एकाच चेहऱ्यावर जमून येणं क्वचित, म्हणून तर आपण साक्षीदारावर विसंबतो. पण आज तसा दुसरा चेहरा आपणच शोधून त्यांच्यापुढे उभा केला."

पुढे त्या बाई बाड्यावर, भर चौकात दिसायच्या, तेव्हा मला पाहून रस्ता ओलांडायच्या. एकदा मीच त्यांना गाठलं.

"काकू, मी कोर्टातला कारकून. चोरी झाली त्या दिवशी मी पलीकडे मुरारला बहिणीकडे होतो."

त्या घाबरल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. "असशील. सगळे मला हेच सांगतात. पण डोळे मिटले की तुझाच चेहरा येतो समोर. त्याला मी काय करू?"

त्यानंतर मी बाड्यावरून जाणंच सोडलं. भोपाळच्या बदलीचा हुकूम आला, तेव्हा घरात सगळे हळहळले. मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं; पण बाईंच्या मिटल्या डोळ्यांपुढे मीच राहणार हे आठवलं आणि थोड्या वेळानं तेही वाटेनासं झालं.