पुठ्ठ्यातली वही

माझी बायको गेली त्याला चौदा महिने झाले. घरात तिचे फोटो आहेत, साड्या आहेत, चष्मा आहे. तिच्या हातचं अक्षर मात्र एक नव्हतं. दहाव्याच्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, आईने लिहिलेलं काही असेल तर मला द्या ना." मी कपाट उपसलं, माळा उपसला. सापडणार नाही हे मला आधीच माहीत होतं. तिच्या दोनच वह्या होत्या आणि त्या मी चिकटवायच्या खळीत घातल्या होत्या. मुलीला हे सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, नाही गं काही.

मी सातवी नापास. परळच्या गिरणीत साचेवाला होतो, म्हणजे मागावर. गिरणी बंद पडल्यावर गिरगावात एका गाववाल्याकडे पुस्तकं बांधायला शिकलो आणि पुढे तोच धंदा केला. लालबागच्या खोलीत ही फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, दुमडायची, शिवायची. शिलाई माझ्यापेक्षा तिची सरळ. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. चाळिशी उलटल्यावर चाळीच्या बालवाडीत दुपारचा बायकांचा वर्ग निघाला, तिथे जायला लागली. पेन्सिलीने दोन वह्या भरल्या. मी कधी उघडून बघितल्या नाहीत. खोटं कशाला बोलू.

गिरगावातल्या एक ख्रिस्ती बाई आमचं जुनं गिऱ्हाईक. कॉलेजात शिकवायच्या, आता निवृत्त. त्यांना कॉप्टिक भाषेचा नाद. इजिप्तमधल्या जुन्या ख्रिस्ती लोकांची ती भाषा. अक्षरं बहुतेक ग्रीकांची, वर सहा-सात त्यांची स्वतःची. पहिल्यांदा त्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन खोलीवर आल्या तेव्हा हिने एक पान उलटंसुलटं करून बघितलं.

"ह्याचा डोक्या खय नि पाय खय?"

बाई हसल्या. "मलापण पहिलं वर्षभर तेच वाटायचं, मावशी."

मी विचारलं, तुमचं शास्त्र मुळात ग्रीकमध्ये ना, मग ह्या भाषांतराच्या मागे कशाला लागायचं? बाई म्हणाल्या, मूळ लिहिणाऱ्याच्या हातचा कागद जगात कुठेच नाही. आहेत त्या नकला, आणि एका नकलेत एक तर दुसरीत दुसरं. कॉप्टिक भाषांतर फार जुनं. करणाऱ्याने समोर कुठली ग्रीक नक्कल ठेवली होती, ते त्याच्या शब्दांवरून ओळखता येतं. हे मला लगेच पटलं. कापड हातात घेतलं की कुठल्या साच्यावरचं ते आम्हीपण सांगायचो.

पुढे बाईंनी एका शुभवर्तमानाचं कॉप्टिकवरून शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं. सगळं हाताने लिहिलेलं, दोन-अडीचशे पानं, आणि त्याची त्यांना लाल कापडाची जाड वही बांधून हवी होती. दिवस गणपतीचे. लालबागला त्या दिवसांत हातगाडी आत शिरत नाही, पुठ्ठा येणार कुठून? अशा वेळी आम्ही पुठ्ठा घरीच करायचो. रद्दी कागदाला मैद्याची खळ लावून थरावर थर द्यायचे आणि दाबाखाली ठेवायचं. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद. जुनी कॅलेंडरं घेतली, हँडबिलं घेतली. तरी जाडी भरेना. फळीवर हिच्या वह्या होत्या. भरलेल्या होत्या, म्हणून मला वाटलं, संपल्या. पानं सोडवली आणि लावून टाकली, एक वही पुढच्या पुठ्ठ्यात, एक मागच्या.

ती बाजारातून आली, फळीकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे.

"माझ्यो वह्यो?"

"अगं, भरल्या होत्या ना?"

"होय. भरल्योच होत्यो." पिशवी खाली ठेवली आणि भाजी निवडायला बसली. मग म्हणाली, "कोंबडीचे पाय नुसते. बरा झाला, कामाक तरी इले."

त्यानंतर वर्गाला गेली नाही. नवी वही मागितली नाही. मी विचारलं नाही. हे लिहायला मला वीस वर्षं लागली.

ती गेल्यावर बाईंनी निरोप धाडला, घरी नुसते बसू नका, माझे कागद लावायला या. मी मंगळवार-शुक्रवार गिरगावात जाऊ लागलो. मला कॉप्टिक येत नाही, पण जुन्या पोथ्यांच्या फोटोंत पानाचा आकार, शाई, फाटलेली कड यावरून तुकड्याशेजारी तुकडा लावता येतो. एकदा बाईंनी एक फोटो पुढे सरकवला. इजिप्तमधल्या दीड हजार वर्षांच्या पुस्तकाचं चामड्याचं कव्हर, आतून सोललेलं.

"बघा मामा, तुमच्या जातीचाच कारागीर. कव्हर कडक व्हायला आत काय भरलंय? रद्दी. लव्हाळ्याच्या कागदाची. कुणाची पत्रं, कुणाचे निरोप. पोथीत देवाचा शब्द आणि पुठ्ठ्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचा. लोकांनी ते सोडवून वाचलंय."

"वाचता आलं?"

"आलं की."

इतकी वर्षं माझ्या डोक्यात एकच होतं, वह्या गेल्या. गेल्या कुठे होत्या? मी विचारलं, "बाई, तुमची ती लाल कापडाची वही आहे अजून?"

त्यांच्या उशालाच होती. रोज हाताळून कोपरे झिजलेले. मी सगळं सांगितलं, हँडबिलांपासून कोंबडीच्या पायांपर्यंत. बाई म्हणाल्या, "जन्मभर मी दुसऱ्या देशाच्या चिंध्या बघतेय. आणि ही माझ्या मांडीवर होती." वही माझ्यापुढे ठेवली. "फाडायचं नाही हं. सोडवायचं."

शुक्रवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसलो. कापड उचललं, ओला कापूस ठेवला, थांबलो. परत ठेवला, परत थांबलो. वरचं कॅलेंडर सुटलं, हँडबिलाचा चोथा झाला. मोरचुदाने खळ दगड झाली होती. बोथट सुरीने केसाकेसाने जात होतो. बाई चहा करून विसरल्या. मग रेघांचा कागद दिसला आणि त्यावर पेन्सिल. शाई असती तर वाहून गेली असती.

पहिल्या पानावर वर्गाने दिलेलं एकच वाक्य दहा वेळा होतं. दुसऱ्या पानावर तिचं स्वतःचं होतं. अक्षर मोठं, रेघेच्या खाली घसरणारं. "आज ह्यांनी बांगडे आणले. शिळे होते. मी बोलले नाही." मी मोठ्याने हसलो आणि मग मला काही दिसेना. बाईंनी खिडकीकडे तोंड केलं.

खाली आणखी एक ओळ होती. "काल ह्यांनी मला", मग खळीने खाल्लेलं भोक, मग "म्हणून बरं वाटलं."

मी म्हटलं, "वाचून दाखवलं असणार. मी पेपर वाचून दाखवायचो तिला." मग म्हटलं, "नाहीतर गजरा." "नाहीतर शिलाईला चांगलं म्हटलं असेन."

"म्हटलं होतंत?"

"आठवत नाही."

"मामा, आमच्या कामात भोक असलं की कंस काढतात आणि आत रिकामं सोडतात. मनाने भरलं तर पुढचा माणूस ते तिचंच समजेल."

"पण मी नवरा आहे तिचा."

"म्हणून तर जास्त भीती."

मला राग आला. ओळी उतरवायला घेतलेली पेन्सिल तिथेच ठेवून घरी आलो. परळच्या पुलापर्यंत माझं तेच चाललं होतं, पेपर, गजरा, शिलाई. मग माझं मलाच कळलं की त्या भोकात मला यांपैकी काहीच नको होतं. वह्या घेतल्या त्याचं तिला वाईट वाटलं नाही, एवढं तिथे लिहिलेलं हवं होतं. ते तिथे असणार कसं? ती ओळ लिहिली तेव्हा वही तिची होती. माझा हात अजून फळीकडे गेलाच नव्हता.

मंगळवारी जाऊन तिच्या ओळी जशाच्या तशा उतरवल्या. भोकाच्या जागी कंस काढला, आत काही लिहिलं नाही. मूळ पानं मुलीला नेऊन दिली आणि आईच्या वह्यांचं मी काय केलं होतं, तेही सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. बांगड्याची ओळ दोनदा वाचली आणि म्हणाली, "मागच्या पुठ्ठ्यात दुसरी आहे ना? ती मी सोडवीन. तुम्ही फक्त कसं करायचं ते सांगा."