दुसऱ्या सुनेचं काय झालं

कुसाबाईला शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात कसं पडलं, देव जाणे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे कामातून गेलेले आणि सून साधना दिवसभर दवाखान्यात ड्युटीला. मग उरलं कोण? शेजारची लंका. म्हणजे मी. शरणपूरच्या आमच्या गल्लीत दुपारी जेवून जरा आडवं व्हावं म्हटलं, की भिंतीवर टकटक सुरू. "अगं लंका, झोपलीस का?" झोपू देते कुठं ही बाई!

तसे आमच्या चर्चच्या मंडळीत सगळेच अडचण आली की शास्त्र उघडतात. पोराला नोकरी नाही, नवरा पितो, ऑपरेशन करावं की नको, जे असेल त्यासाठी वचन शोधायचं. मीही शोधते. पण कुसाबाईला एकच गोष्ट लागायची. सासू विधवा, दोघी सुना विधवा, आणि त्यातली एक सून सासूला सोडून जायला तयार होत नाही, ती. तेच पान वाचून वाचून मला वीट आला होता.

कारण उघड होतं. कुसाबाईचा रवी, साधनाचा नवरा, मोटरसायकलच्या अपघातात गेला, त्याला सात वर्षं झाली. साधना माहेरी गेली नाही. चर्चमधल्या बायका तिला "आमची शास्त्रातली सून" म्हणायच्या. कौतुक करायला काय जातं! सासूची आंघोळ, गुडघ्यांना मलम, दळण, स्वयंपाक, सगळं उरकून ती पोरगी बस पकडायला धावायची. तिशी उलटून गेली, चेहरा पार उतरला. आता चर्चच्या पाळकसाहेबांनी तिच्यासाठी स्थळ आणलं होतं. सिन्नरला कारखान्यात फोरमन, बायको वारलेली, माणूस निर्व्यसनी. साधना ना हो म्हणाली, ना नाही. "आई म्हणतील तसं," एवढंच. आणि आई रोज दुपारी मला तेच पान वाचायला लावत होती. देव काय सांगतो ते बघू, म्हणे. तिला देवाकडून काय ऐकायचं होतं, ते मला चांगलं कळत होतं.

त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं. भराभर वाचत मी सून सासूला बिलगते तिथवर आले. इथं कुसाबाई नेहमी डोळे पुसते. त्या दिवशी मात्र म्हणाली, "थांब. त्या दुसरीचं पुढं काय झालं?"

"कोण दुसरी?"

"माघारी गेली ती."

"काही नाही. गेली माहेरी. पुढं तिचं नावसुद्धा येत नाही."

"देवानं तिला शिक्षा केली?"

"नाही गं बाई."

"सासू रागावली?"

"रागावेल कशाला?" मी वैतागलेच. "सासूच तर म्हणाली, पोरींनो, माघारी जा, पुन्हा संसार थाटा. एकदा नाही, तीनदा म्हणाली."

कुसाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "मी एकदाबी 'जा' नाय म्हटलं, लंका. सात वर्षांत एकदाबी नाय."

मी पुस्तक मिटलं. खरंच होतं ते.

संध्याकाळी मी वाटीभर आमटी द्यायला गेले, तेवढ्यात साधना आली. तिनं पिशवी टेकवली न टेकवली तोच कुसाबाई म्हणाली, "साधना, सिन्नरचं स्थळ चांगलं हाय. तू जा."

साधना घाबरली. "कुणी काही बोललं का आई? माझं काही चुकलं का?"

"नाय गं. जा तू."

"आणि तुमच्या गुडघ्यांचं काय? आंघोळ कोण घालणार?" असं म्हणत ती चहाचं आधण ठेवायला वळली. कुसाबाईचा चेहरा खुलला. मी बघितलं ना, चांगला खुलला! हवं होतं ते मिळालं होतं तिला. इथंच थांबली असती तरी तिला कुणी नावं ठेवली नसती. उलट मंडळीनं दोघींचं कौतुकच केलं असतं.

पण ती भिंतीला धरून उठली. कण्हत कण्हत ओट्यापाशी गेली. "माझं देव बघंल. आन् ही लंका हाय की शेजारी. तू जा, पोरी."

मला कुणी विचारलं होतं का!

साधनानं गॅस बंद केला. पाठमोरीच उभी राहिली. शास्त्रातल्या त्या सुनेसारखं 'तुम्ही जाल तिथं मी येणार' असं काही ती बोलली नाही. तिनं विचारलं, इतकं हळू, की मला जेमतेम ऐकू आलं. "खरंच जाऊ, आई?"

कुसाबाईनं होकारार्थी मान हलवली, साधनाच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "तीनदा झालं ना गं, लंका?"