आमच्या चाळीवर लाल पडलं नाही

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही एवढं सोडून बाकी सगळं बोलते. आज तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

उरणकडचं आमचं खाडीकाठचं गाव. शेतं गेली, उरलेल्या तुकड्यावर आम्ही भाड्याने द्यायला चाळ बांधली. भराव टाकला, पण कमीच. टोकाची खोली सखल राहिली, उधाणाला तिथे पाणी शिरायचंच. मला माहीत नव्हतं? अहो, झाडू घेऊन पाणी मीच लोटायचे की!

मग एका संस्थेची माणसं आली. म्हणाली, धोका कुठे आहे ते गावानेच सांगायचं. देवळाच्या मंडपात रांगोळीने अख्खं गाव काढायचं, पाणी शिरतं तिथे लाल भरायचं. मोठ्या उधाणाला पोरं त्या लाल घरांची दारं वाजवणार, माणसं शाळेत हलवणार. लग्नघरी चौक काढायला मलाच बोलावतात, म्हणून लाल रंग माझ्याच हातात दिला. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

आमच्या चाळीपाशी आले आणि हात थांबला. चाळ पाडून इमारत बांधायचं बिल्डरशी बोलणं चालू होतं. लाल दिसलं तर तो फिरकेल तरी का? मी चाळ तशीच सोडली, पुढे सरकले.

भाडोत्र्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. गावचं काम, गाववाल्यांनी करायचं. तरी संगीता आली — टोकाच्या खोलीतली, जालन्याकडची, टॉवरमध्ये हाऊसकीपिंगला जायची. दारातूनच म्हणाली, "ताई, आमच्या खोलीत पण पाणी येतं. सासूला उठता येत नाही, खालीच झोपलेली असते."

आणि मी — सगळ्या बायकांसमोर — म्हटलं, "खाडीचा पानी कुठचा गो? नल उघडा टाकून जातेस कामाला, त्याचा पानी हाय तो!"

बायका खो खो हसल्या. संगीता ओशाळून निघून गेली. माझ्या जिभेला हाड नाही, सगळं गाव म्हणतं. पण त्या दिवशी मी रागात बोलले नव्हते. विचार करून बोलले होते.

पावसाळ्यात मोठं उधाण आलं ते भरदुपारी. पोरं नकाशाप्रमाणे दारं वाजवत फिरली. आमच्या चाळीकडे कोणी वळलं नाही — का वळेल? मी शाळेत होते, आलेल्या माणसांना चहा देत. आठवण झाली नाही म्हणू? झाली. चांगली झाली. पण "तिकडे पण जा रे" म्हटलं असतं, तर माझा खोटेपणा उघडा पडला असता. वाटलं, घोट्याएवढं येईल, जाईल. चहा ओतत राहिले.

संगीता कामावरून आली तोवर ओहोटीबरोबर पाणी उतरलं होतं. सासू अंथरुणातच गेली होती. बुडून.

सासूचं दिवसकार्य झाल्यावर संगीता खोलीची चावी द्यायला आली. वाटलं, आता शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या! तिने चावी ओट्यावर ठेवली आणि हळूच म्हणाली, "ताई, लोक काहीही म्हणोत, त्या दिवशी नळ मी बंद करूनच गेले होते. परत फिरून बघितला होता. शप्पथ."

"असू दे," मी म्हटलं. "होते चूक माणसाच्या हातून."