आण्णांचं एका सीटचं हेलिकॉप्टर

लेथखाली चुरा साठतो तसे आण्णांच्या शेडमध्ये किस्से साठायचे. गडमुडशिंगीत उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या या माणसानं नव्वदच्या दशकात एका सीटचं हलकं हेलिकॉप्टर करायला घेतलं. गाव त्यांना येडा म्हणायचं. गावासमोर ते एकदा जमिनीवरून उचललं जावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी त्यांच्याकडे लेथवर होतो.

* * *

आमचा वेल्डर निवास. उभा जन्म ट्रॉल्यांवर गेलेला. आण्णांची पाठ वळली की हा सांगाड्याला एक लोखंडी पट्टी मारायचा. आण्णा ओरडले तर म्हणायचा, "मोडलं तर नाव माझं जातंय." हेलिकॉप्टर मोडणार नव्हतंच. उडायचं तेवढं राहिलं होतं.

* * *

बघायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, डबलसीट न्हाय व्हय? आण्णांच्या मेहुण्यानं तर बोलणंच सोडलं. बहिणीला खाली ठेवून एकटाच उडणारा माणूस त्याला घरंदाज वाटेना.

* * *

वजन उतरवायला आण्णांनी मटण सोडलं. कोल्हापूरकडं माणसानं मटण सोडलं की घरचे डॉक्टरला बोलावतात. आण्णा जेवढे उतरले, तेवढं लोखंड निवासनं त्याच महिन्यात सीटखाली चढवलं.

* * *

खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करतो, म्हणून उड्डाण त्याच दिवशी ठरलं. पुढाऱ्याला बोलावलं, तिथंच चुकलं. नारळ फोडून साहेब थेट सीटवर बसले. सीट एकच, त्यामुळे आण्णा हार धरून बाजूला. पंखा गरगरला, लोकांच्या टोप्या उडाल्या, हेलिकॉप्टर मात्र होतं तिथंच! साहेब उतरून माइकवर म्हणाले, "आज आपल्या गावानं आभाळ गाठलं."

टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट बातमी, हेलिकॉप्टर उडालं. ज्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, तेही तो फोटो दाखवत फिरले. मला अजून त्या सगळ्यांचा राग येतो.

* * *

मग आण्णांनी ग्राइंडर घेतला आणि सगळ्या पट्ट्या स्वतः कापल्या. निवास रडकुंडीला आला. उन्हाळ्यात एका सकाळी माळावर बघायला मी आणि निवास, दोघंच. आण्णा बसले, आणि ते खरंच उचललं. हातभरच, पण त्याच्या खालून पलीकडचं शेत दिसत होतं. उतरले तेव्हा आण्णांचे डोळे भरले होते.

तसेच ते चौकातल्या चहाच्या गाड्यावर गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज उडालं."

चहावाल्यानं मानसुद्धा वर केली नाही.

"व्हय, दसऱ्यालाच वाचलंय की आमी. परत कशाला उडवलंसा?"